दादारावांच्या पटक्यावर बसलेला चतुर

यंदा हस्त जाता जाता चांगला बरसून गेला आणि तिसऱ्या दिवशी अंगणात चतुर आले. नातसून दोरीवर धुणं घालत होती. तिने धोतर झटकलं तसे पाचसहा उडाले, पुन्हा येऊन दोरीवर ओळीने बसले आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. "आजोबा, कावून हसता हो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, एक पाटील आठवले." ती बिचारी चतुरांकडे बघत राहिली. त्यातला पाटील कोणता, ते तिला कळेना.

हे दिवस दरवर्षी असेच येतात. पाऊस गेलेला, पण जमीन अजून ओली. बाजरीच्या कणसांवर चिमण्यांचा दंगा. डबक्यात भिजत घातलेल्या अंबाडीचा तो आंबूस वास, जो नव्या माणसाला मळमळ आणतो आणि जुन्याला घरची आठवण. ऊन तर असं, की सावलीत बसलं तर हुडहुडी आणि बाहेर आलं तर डोक्याची लाही. बीडला राहून मला आता पुष्कळ वर्षं झाली. पण या उन्हात बसलो की मी बावीस वर्षांचा होतो आणि पालीच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या पायथ्याशी, त्या लहानशा गावात मास्तर होतो.

निजामाची अमदानी होती. कागद सगळा उर्दूत यायचा. मला मराठी शिकवण्यासाठी नेमलेलं होतं, पण गावात उर्दू वाचता येणारा मी एकटा, म्हणून चावडीवर चिठ्ठी आली की मला बोलावणं यायचं. मुलांना पाढे म्हणायला लावून मी जायचो, आणि परत येईपर्यंत मुलं घरी गेलेली असायची. हे एक दुभाष्याचं काम झालं. दुसरं काम याहून अवघड होतं, आणि तिथे दोन्हीकडची भाषा मराठीच होती.

दादाराव पाटील आणि नानाराव हे चुलतभाऊ. दादाराव अंगाने दांडगे, आवाज नगाऱ्यासारखा. नानाराव वाळल्या शेंगेसारखे, आवाज मात्र तसाच. घरं समोरासमोर. आणि अकरा वर्षं एकमेकांशी शब्द नाही. मी गावात गेलो त्या पहिल्याच आठवड्यात दोघांनी मला आपसांत वाटून न घेता सामाईक घेतलं. चावडीवर दोघं हातभर अंतरावर बसायचे आणि दादाराव म्हणायचे, "मास्तर, त्या माकडाला सांगा, त्याची शेळी माज्या तुरीत शिरलीय."

नानारावांना ते स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. पण ते मान वळवून आभाळाकडे बघत बसायचे. मी सांगायचो, "नाना, दादा म्हणतात, शेळी जरा बांधून ठेवा." मग नानाराव आभाळातून खाली यायचे. "मास्तर, त्या रेड्याला सांगा, शेळीला वाचता येत न्हाई, कुणाची तूर ते." मी वळून सांगायचो, "दादा, नाना म्हणतात, बघतो." माकड आणि रेडा मधल्यामधे गाळणं एवढंच माझं कौशल्य. पण तेवढ्यावर गावात अकरा वर्षं मारामारी झाली नव्हती. माझ्याआधीचे मास्तरही हेच करत होते. ते म्हणे थकून बदली मागून गेले.

भांडणाचं मूळ होतं दलदल. डोंगराच्या पोटातून एक झरा यायचा आणि दोघांच्या शेतांच्या मधे पसरून बसायचा. तिथे लव्हाळं, शेवाळ आणि मऊ काळा चिखल. उन्हाळ्यात सगळी कडा वाळून तडकली तरी मधली जागा ओलीच. पिकत काही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी नानारावांची म्हैस तिच्यात रुतली. नानाराव म्हणाले, दलदल दादाची आहे, त्यानेच माणसं लावून म्हैस काढावी. दादाराव म्हणाले, दलदल नानाची आहे, मी का काढू? सकाळपासून दिवस कलेपर्यंत दोघं काठावर उभे राहून ती जमीन एकमेकांच्या गळ्यात घालत होते. आजोबांपर्यंत उद्धार झाला. अखेर काही शेलके शब्द असे बोलले गेले, की पुन्हा बोलणं शक्य नव्हतं. दोघं तोंड फिरवून घरी आले, तर म्हैस आधीच गोठ्यात येऊन रवंथ करत होती. ती कधी निघाली ते कुणी पाहिलंच नव्हतं.

गावाला ती दलदल नकोच होती. दरसाल एखादं जनावर रुतायचं. एक चर खणून पाणी ओढ्याला काढून द्यावं, की काम फत्ते, हे सगळ्यांना कळत होतं. पण चर खणायचा कुणी? जो खणेल, त्याची दलदल ठरणार. म्हणून दोघांपैकी एकही कुदळ उचलत नव्हता.

त्या वर्षी, असंच हस्त बरसून गेल्यावर, तहसिलीतून चिठ्ठी आली. हैदराबादहून अख्तरसाहेब नावाचे एक उस्ताद येत आहेत. त्यांना गावच्या दलदलीतली "छोटी लाल भंभीरी" दाखवावी आणि जमिनीच्या मालकाने हजर राहावं. मी महसुलाची उर्दू शिकलेलो. शेतसाऱ्याच्या कागदात भंभीरी कुठे येत नाही. मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणालो, "दलदलीत काहीतरी लाल आणि लहान आहे, ते साहेबांना पाहिजे आहे."

संध्याकाळपर्यंत गावाने शोध लावला की दलदलीत माणकं आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाराव माझ्या दारात. "मास्तर, सायबाला बराबर लिवा, दलदल आमची हाय. आज्यापासून." ते गेले आणि मागच्या दाराने नानाराव. "मास्तर, दलदल आमची. त्या रेड्याला तिथं पाय ठिवायचा हक न्हाई." अकरा वर्षं जी जमीन कुणी घेत नव्हतं, तिला एका रात्रीत दोन मालक मिळाले. पण दुपारी पालीच्या बाजाराहून आलेल्या कुणीतरी सांगितलं, की माणकंबिणकं काही नाहीत. सरकारला आवडेल ती जमीन सरकार घेतं, आणि शेजारची दोन शेतंही त्यात जातात. तेव्हा दिवेलागणीला दोघंही पुन्हा येऊन गेले. दलदल आता पहिल्यासारखी दुसऱ्याची झाली होती.

अख्तरसाहेब बैलांच्या दमणीतून उतरले तेव्हा सगळं गाव वेशीत. सहा फूट उंच, काटकुळे, पांढरी दाढी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, काखेत छत्री. हातात एक लांब काठी आणि तिच्या टोकाला मच्छरदाणीच्या कापडाची टोपी. एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि आता घरी बसले होते. पन्नास वर्षांत पाहिलेल्या किड्यांची एक वही त्यांनी भरत आणली होती. भंभीरी म्हणजे काय ते मी खालच्या आवाजात विचारलं. त्यांनी छत्रीच्या टोकाने मातीत आकृती काढली. लांब शेपूट, चार पंख, मोठे डोळे.

"आरं, ह्यो तर चतुर!" सगळं गाव एका आवाजात म्हणालं.

दादाराव माझ्याकडे वळले. "मास्तर, सायबाला इचारा, चतुर शोधाया हैदराबादेहून हितं आले? तिकडले संपले का?"

मी हे भाषांतर केलं नाही. पण अख्तरसाहेबांना हशा कळला आणि तेही हसले. मग अंगठा आणि तर्जनी जवळ आणून त्यांनी माप दाखवलं. करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा, एवढाच असतो म्हणाले. माशी समजून लोक हाकलतात. वीस वर्षांमागे एका दोस्ताने इकडून जाताना पाहिला आणि त्यांना पत्रातून कळवला. तो दोस्त आता नाही. हैदराबादेत कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणतात एवढा लहान चतुर या कोरड्या मुलखात कसा असेल? म्हणून डोळे शाबूत आहेत तोवर एकदा यावं म्हटलं. हे सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. चष्म्याची एक काच तडकलेली होती.

सगळं गाव मागे घेऊन दलदलीवर गेलो. ऊन चढलं होतं. लव्हाळ्यातून गरम वाफ आणि शेवाळाचा हिरवा वास येत होता. मोठे चतुर ढिगाने होते. पिवळे, निळे, एकमेकांचा पाठलाग करणारे. अख्तरसाहेब सगळ्यांना सोडून देत होते. मी त्यांची छत्री धरून पलीकडच्या काठाने फिरत होतो. अलीकडच्या काठावर दादाराव आणि नानाराव, मधे रीतसर चार हात सोडून, उभे होते.

तेवढ्यात अख्तरसाहेबांनी सहज विचारलं, "इस ज़मीन के मालिक कौन हैं?" मी ओरडून विचारलं. दोन्ही हात एकदमच उठले, एकमेकांकडे बोट दाखवत.

"मास्तर!" दादाराव गरजले. "सायबाला म्हणावं, हद्दीचा दगूड हाय त्या लव्हाळ्यात. माज्याकडच्या बाजूला हाय. आत्ता दावतो!" आणि जोड्यांसकट त्यांनी पाऊल टाकलं.

"मास्तर," नानाराव ओरडले, "त्याला सांगा, तिकडं पाय देऊ नगं म्हणावं! रुतंल!"

मी पलीकडून ओरडलो, "दादा, नाना म्हणतात—" पण तोवर दादाराव गुडघ्यापर्यंत गेले होते. दुसरं पाऊल टाकलं ते मांडीपर्यंत. तिसरं टाकायला पाय मोकळाच राहिला नाही. चिखलाने एक मोठा ढेकर दिला आणि दादाराव कमरेपर्यंत आत. लव्हाळ्यात फक्त धड, मिशा आणि लाल पटका.

मी छत्री टाकून वळसा घालायला धावलो आणि मागून अख्तरसाहेबांचा आवाज आला. तो आवाज मी आजही विसरलेलो नाही. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीतून एवढा कोवळा आवाज येईल असं वाटलं नव्हतं.

"हिलना मत! ख़ुदा के वास्ते, पाटीलसाहब, हिलना मत!"

दादारावांच्या पटक्याच्या तुऱ्यावर एक चतुर येऊन बसला होता. लालावर लाल, म्हणून आधी दिसेचना. शेपूट उन्हाकडे उभं धरून, पंख पुढे झुकवून बसलेला. मिरची वाळून चिमटीएवढी व्हावी, तेवढाच.

पण दादारावांना उर्दू येत नव्हती. ते दोन्ही हात वर करून पटका सावरायला निघाले होते. आणि मी, भाषांतर करायला नेमलेला माणूस, धापा टाकत होतो. तोंडातून शब्द फुटेना.

"दादा, हलू नगंस!"

नानाराव बोलले होते. सरळ, दादारावांकडे बघून. दादारावांचे हात जागच्या जागी थांबले. त्यांनी मान न वळवता डोळे वळवले आणि नानारावांकडे असं पाहिलं, जणू म्हैस बोलली होती.

"काय म्हणलास?"

"हलू नगंस म्हणलं. डोक्यावर बसलाय तुज्या. सायेब ज्याच्यासाठनं आलाय त्योच."

"चावतो का?"

"चावत न्हाई. तू गप ऱ्हा."

आणि दादाराव गप राहिले. सगळ्या गावाने त्यांना गप राहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं. अख्तरसाहेब काठाकाठाने जवळ आले, त्यांनी खिशातून कागद आणि शिसपेन्सिल काढली आणि उभ्यानेच चित्र काढायला घेतलं. नानारावांनी काठावरची बैलगाडीची फळी ओढून चिखलावर टाकली, तिच्यावर पालथे झोपून सरपटत गेले आणि दादारावांचं मनगट धरलं.

"मास्तर," दादाराव ओठ न हलवता म्हणाले, "सायबाला इचारा, किती येळ?"

मी विचारलं. "पर बाकी हैं," अख्तरसाहेब म्हणाले.

"पंख राहिलेत म्हणतात."

"त्यांना म्हणावं, माजी बरगडी जायची ऱ्हायलीय. तीबी चाललीय."

"ओढू का?" नानारावांनी विचारलं.

"नगं. उडंल ना त्यो." मग दादाराव हळूच म्हणाले, "नाना, कसा हाय दिसाया?"

"लाल हाय. लई बारका. डोळं मातूर तुज्यासारखं, वटारल्यालं."

पटका हलू नये म्हणून दादाराव पोटातल्या पोटात हसले, आणि त्या हसण्याने आणखी चार बोटं खाली गेले. शेवटी चित्र झालं. चतुर आपल्या मर्जीने उठला, दादारावांच्या नाकासमोर क्षणभर तरंगला, लव्हाळ्यात गेला. मग आम्ही चारपाच जणांनी फळीवरून ओढून दादारावांना बाहेर काढलं. ते आले, जोडे आले नाहीत.

काठावर बसून दोघं भाऊ अंगावरचा चिखल निपटत होते आणि बोलत होते. अकरा वर्षांचं बोलणं तुंबलेलं. कुणाचं लग्न झालं, कुणाचा बैल मेला, हे दोघांनाही समोरच्या घरातून दिसलेलं होतं, तरी ते पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. मला उगीचच भरून आलं. आता माझं काम संपलं, असंही वाटलं.

आणि तेवढ्यात दादारावांनी मांडीवर थाप मारली. "नाना, उद्याच दोघं मिळून चर काढू. आता कुणाची हाय त्यो सवालच न्हाई. आठ दिसांत ही बला कोरडी ठाक!"

"काढू की," नानाराव म्हणाले.

अख्तरसाहेब हसून विचारत होते, भाऊ काय म्हणतात? मला सांगावं लागलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या दुपारभरात त्यांना असे सहा चतुर दिसले होते. नेण्यासाठी आणलेली बाटली त्यांनी रिकामीच पिशवीत ठेवली होती, कारण सहातून एक गेला तर पाच राहतात. मग त्यांनी त्या दोघांपुढे जमिनीवर बैठक मारली आणि म्हणाले, पाणी गेलं तर हा जाईल. दुसरीकडे कुठे आहे ते मला ठाऊक नाही.

मी सांगितलं. दादारावांनी मिशीतला चिखल पुसला. "इचारा मास्तर, ह्याचा उपेग काय? औषिदाला चालतो?"

अख्तरसाहेब नाही म्हणाले.

"पिकाला?"

त्यांनी विचार केला. एवढासा जीव, पिकाला त्याचा काय आधार होणार? खरं सांगायचं तर कुणालाच उपयोग नाही. तो आहे, एवढंच.

आता माझी पाळी होती. खोटं सांगणं माझ्या हातात होतं. हा असतो तिथे झरा आटत नाही म्हणावं, सरकारचा हुकूम आहे म्हणावं, तपासणार कोण? दीड वर्षं मी माकडं आणि रेडे गाळत आलो होतो. पण अख्तरसाहेब माझ्याकडे तडकलेल्या काचेतून बघत होते, आणि त्यांनी स्वतःच्या फायद्यासाठीसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं. माझ्याने शब्द बदलवेना. मी जसंच्या तसं सांगितलं. "काही उपयोग नाही म्हणतात. तो आहे, एवढंच."

लव्हाळ्यातून वारा गेला. दादारावांनी आपल्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं, मग दलदलीकडे, मग नानारावांकडे.

"उपेग न्हाई म्हणून काढाया लागलो," ते म्हणाले, "तर आदी ह्या नानाला काढावं लागंल गावातनं."

"अन् मग तुला," नानाराव म्हणाले.

चर निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, जनावर आत जाऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी, अख्तरसाहेब गेल्यावर, मी एकटा तिथे गेलो. त्या दिवशी मी इकडचं तिकडे सांगण्यात इतका गुंतलो होतो, की चतुर धड पाहिलाच नव्हता. तासभर ऊन खाल्लं तेव्हा एक दिसला. लव्हाळ्याच्या शेंड्यावर, माझ्याकडे पाठ करून. मी पाहिलं म्हणून त्याला काही नव्हतं, नसतं पाहिलं तरी काही नव्हतं. मला मात्र घरी येईपर्यंत हलकं वाटत होतं, ते का, हे मला आजही सांगता यायचं नाही.

दोघं भाऊ पुढे रोज भांडले. पण तोंडावर, मोठ्याने, कुणालाही मधे न घेता. शाळेत पाढे ऐकू यायचे नाहीत इतकं.

पुढच्या वर्षी, याच दिवसांत, अख्तरसाहेबांचं पत्र आलं. पटक्यावर बसलेल्या चतुराचं चित्र पाहून हैदराबादेत पुष्कळ लोक हसले होते. एकाने मात्र विश्वास ठेवला होता, तेवढा पुरे, असं त्यांनी लिहिलं होतं. डोळ्यांना आता अंधुक दिसतं. तो कसा आहे, एवढं कळवावं.

दोघंही उत्तर सांगायला शाळेच्या पडवीत येऊन बसले. मी कागद घेतला.

"लिवा," दादाराव म्हणाले, "चतुर खुशाल हाय. औंदा चौदा दिसले."

"पंधरा," नानाराव म्हणाले.

"चौदा. मी सवता मोजले."

"तू मोजलेस तवा एक तुज्या पाठीमागं व्हता."

"पाठीमागं व्हता तर मग तवाच कावून बोलला न्हाईस?"

"हलू नगंस म्हणून!"

माझी लेखणी अधांतरी. मी म्हटलं, चौदा-पंधरा असं लिहितो. दोघांनाही ते पटलं नाही. साहेबाने एवढ्या लांबून विचारलंय, अंदाजे कसं कळवायचं? दादारावांनी पटका डोक्यावर घट्ट केला, नानारावांनी काठी उचलली, आणि भर उन्हात, एकमेकांच्या अकलेचा उद्धार करत, दोघं पुन्हा मोजायला निघाले.